आत चौदा, बाहेर पंधरा

१

सहा खात्यांनी सहा नकाशे पाठवले होते. शहर एकच, पण नकाशे असे, की सहा जावांनी एकच भांडण आपापल्या परीने सांगावं. वीजवाल्यांनी सगळी मापं फुटांत दिली होती, बसवाल्यांनी मीटरमध्ये, आणि अग्निशमनवाल्यांनी 'बंबाला तीन मिनिटं, गर्दी असली तर सात' अशा हिशेबात. पोस्टाच्या नकाशात ज्या रस्त्यावर पेटी नाही तो रस्ताच नव्हता. शाळा खात्याच्या नकाशात उत्तर दिशा डावीकडे होती. फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की काढणाऱ्याचं टेबल खिडकीला आडवं होतं आणि त्याला उठायचा कंटाळा आला होता.

हे सगळं एका मापात आणि एका साच्यात बसवायचं काम छकुलीकडे होतं. छकुली म्हणजे वाहतूक नियोजन कार्यालयातल्या नकाशा विभागाची प्रमुख. वय चव्वेचाळीस, जाड चष्मा, आणि एक स्वल्पविराम चुकला तरी रात्रीचं जेवण गोड न लागणारा स्वभाव. ऑफिसात सगळे तिला मॅडम म्हणत. पण घरी तिचे वडील, नाना, तिला जन्मापासून छकुली म्हणत आले होते, आणि ते दुपारी ऑफिसच्या फोनवर 'छकुली जेवली का?' असं ज्याने उचलला त्यालाच विचारत. त्यामुळे शिपायापासून साहेबांपर्यंत हे नाव सगळ्यांना ठाऊक होतं. आपणही छकुलीच म्हणू.

काम असं होतं. शहरातल्या प्रत्येक रस्त्याला एक क्रमांक द्यायचा. रस्त्याला दोन टोकं. प्रत्येक टोकाला खांबावर मोजणीचा डबा, आणि दिवसभरात किती माणसं आत गेली, किती बाहेर आली याची नोंद. हे सगळं संगणकात घातलं की शहराची एक प्रतिकृती तयार होणार, आणि ती सांगणार की नवी बस कुठून न्यायची. नियमावली छकुलीने स्वतः लिहिली होती, बासष्ट पानांची. त्यात एकोणिसाव्या पानावर ठळक अक्षरांत म्हटलं होतं: 'रस्त्यात माणसं साठत नाहीत आणि उगवतही नाहीत. आत जेवढी, बाहेर तेवढी. आकडा जुळत नसेल तर आकडा बदलू नये, कारण शोधावं.'

साडेचार हजार रस्ते जुळले. एक गल्ली जुळेना.

२

गल्ली क्रमांक ४४१७. लांबी त्र्याऐंशी मीटर. एक टोक पोस्टाच्या पायऱ्यांपाशी, दुसरं एका किल्लीवाल्याच्या टपरीपाशी. एका बाजूला छापखान्याची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला गोदामाची. मध्ये दार नाही, खिडकी नाही, साधं भोकसुद्धा नाही. पायी जाणाऱ्यांची जवळची वाट, बस्स.

सोमवारी आत दोनशे दहा, बाहेर दोनशे अकरा. मंगळवारी आत एकशे नव्वद, बाहेर एकशे एक्याण्णव. महिनाभराच्या नोंदी काढल्या. सुट्टीचे दिवस सोडले तर रोज एक जास्त. ना कधी दोन, ना कधी शून्य.

छकुलीला आधी हसू आलं. डब्याने कुत्रा मोजला असेल. मग तिने विचार केला, की कुत्रा रोज फक्त बाहेर येईल आणि आत कधी जाणार नाही हे कसं? कडेवरचं मूल असेल. पण मूल आत जाताना कडेवर आणि बाहेर येताना चालत, हे रोज रोज आणि एकाच मुलाच्या बाबतीत? तिने दोन्ही डबे बदलायला लावले. नवे डबे आले, तरी रोजचा एक काही चुकला नाही. वेळ तपासली तेव्हा तिचं हसू जरा आवरलं. जास्तीचं माणूस सकाळी अकरा दहा ते अकरा वीसच्या दरम्यानच बाहेर येत होतं. सरकारी कार्यालयात इतकं वेळेवर कुणी नसतं.

ती साहेबांकडे गेली. साहेब निवृत्तीला आठ महिने राहिलेले गृहस्थ. कुठलीही फाइल ते गरम कपासारखी दोन बोटांनी धरत.

"रोज एक जास्त?" साहेब म्हणाले. "गल्लीला दिवस गेलेत की काय?"

"सर, थट्टा नको. शुक्रवारी नकाशा द्यायचाय. ही गल्ली जुळली नाही तर तो सगळा भाग वगळावा लागेल."

"वगळू नका. आत एक वाढवा. जुळलं."

"एकोणिसावं पान, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, ते पान तुम्ही लिहिलंय. सही मात्र माझी आहे. मी तेव्हा वाचलं असतं तर आज आपल्या दोघांनाही हा त्रास झाला नसता."

३

तो भाग वगळणं छकुलीला परवडणारं नव्हतं, कारण तिचं घर त्याच भागात होतं. घरात दोघंच, ती आणि नाना. नानांनी चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती. शहराच्या कानाकोपऱ्यात त्यांनी माणसं पोचवली, पण त्यांच्या स्वतःच्या घराजवळून बस कधी गेली नाही. आता गुडघे बोलायला लागल्यापासून थांब्यापर्यंतची वीस मिनिटं त्यांना जड जात होती. नव्या आराखड्यात बस दारावरून जाणार होती. नानांनी थांबा कुठे हवा ती जागासुद्धा मनाशी पक्की केली होती आणि रोज संध्याकाळी तिथे पाच मिनिटं उभं राहून ते सराव करत.

जेवताना छकुलीने गल्लीची गोष्ट सांगितली. नानांचा घास हातातच राहिला.

"डबा माणसं मोजतो? माणसं मोजायला माणूस लागतो."

"डबे नवे आहेत, नाना. लाखात एक चूक."

"माझी चौतीस वर्षांत एकही नाही. खच्चून भरलेली बस असायची. मागच्या दारातून एक चढला तरी मला पुढे कळायचं. तुला माहितीय कसं?"

तिला माहीत होतं. हे तिने किमान चारशे वेळा ऐकलं होतं. तरी ती म्हणाली, "कसं?"

"प्रत्येकाला खूण द्यायची. नुसता आकडा निसटतो. हा पडशाचा, ही लाल पिशवीची, तो बायकोवर रागावलेला. खूण दिली की माणूस हरवत नाही." नानांनी घास तोंडात टाकला. "उद्या मी येतो. एका टोकाला तू, एका टोकाला मी. टोपी शोधून ठेव माझी."

बऱ्याच दिवसांनी ते इतके ताठ बसले होते. छकुलीला नाही म्हणवेना.

४

बुधवारी सव्वादहाला दोघं जागेवर होती. छकुली पोस्टाच्या पायरीवर, नाना किल्लीवाल्याच्या स्टुलावर. किल्लीवाल्याने स्टूल दिलं ते नाना मागे हटेनात म्हणून. दोघांकडे वह्या. दोघांच्या घड्याळांत अर्ध्या मिनिटाचा फरक होता, तोही छकुलीने आधी मिटवला होता.

ऊन चांगलं पडलं होतं. छापखान्याच्या भिंतीआड यंत्र एका लयीत धपधपत होतं. भीती वाटावी असं त्या गल्लीत काहीही नव्हतं. उलट छकुलीला थोडी लाजच वाटत होती. पोस्टातून बाहेर पडणारे लोक पायरीवर बसलेल्या या बाईला आपलं काही हरवलंय का म्हणून विचारत होते.

ती लिहीत गेली. आत: टक्कल आणि फायलींचा गठ्ठा. बाहेर: दोन मैत्रिणी, एकच आइस्क्रीम. आत: शीळ घालणारा. मध्येच नानांचा फोन यायचा. "तुझा शीळवाला पोचला. बेसूर आहे."

साडेअकराला मोजणी थांबवली. नानांकडून आत नऊ, बाहेर सहा. तिच्याकडून आत पाच, बाहेर नऊ. छकुलीने बेरीज केली. मग उलटी बेरीज केली. मग बोटांवर केली.

आत चौदा, बाहेर पंधरा.

मग ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि तिने डोळे ताणून पाहिलं. त्र्याऐंशी मीटरवर नाना टोपी हलवत होते. मध्ये कुणीच नव्हतं.

५

समोरच्या चहावाल्याकडे दोघांनी वह्या शेजारी ठेवल्या आणि एकेक खूण जुळवायला घेतली. नानांच्या 'फायलीवाल्या'ला तिचा 'गठ्ठा' मिळाला, तिच्या 'आइस्क्रीम'ला त्यांच्या 'हसऱ्या पोरी'. दोघांत एकदाच वाद झाला, एका गृहस्थाच्या मिशा खऱ्या की रंगवलेल्या यावर. चौदा जोड्या लागल्या. नानांच्या वहीत खाली एक नोंद उरली. वेळ अकरा चौदा, बाहेर. पुढे फक्त 'एक माणूस'.

"एक माणूस म्हणजे?" छकुलीने विचारलं. "खूण काय?"

नानांनी वही आपल्याकडे ओढली. "खूण नाही सापडली."

"उंच होता? बुटका?"

"माणसासारखा होता." नाना चाचरले. "बघितलं मी त्याला, छकुले. चांगलं निरखून बघितलं. बघताना सगळं होतं. लिहायला गेलो आणि हाताला काही लागेना."

नाना चुकले असते तर छकुलीला बरं वाटलं असतं. पण ते ओशाळले होते, आणि तिने त्यांना ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

ती किल्लीवाल्याकडे गेली. तो कानस घासत होता. वर न बघता म्हणाला, "सव्वाअकराचा ना? येतो रोज एक."

"रोज तोच?"

"छे. रोज वेगळा. कधी बाप्या, कधी बाई. त्याच्या आधी कुणीतरी बाहेर पडतं आणि आपल्या कामाला लागतं. मागून हा येतो. इथे उभा राहतो आणि त्या पुढच्याकडे बघत बसतो. रागावलेला असतो, जणू त्याने याचं काही उचललंय." कानस थांबली. "काल एक तर त्या पुढच्याच्या मागे पळत गेला. त्याने टॅक्सीचं दार लावून घेतलं."

"मग?"

"मग काय? मला गिऱ्हाईक होतं."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही हे?"

किल्लीवाल्याने पहिल्यांदा मान वर केली. "कुणाला सांगू, मॅडम? आणि काय सांगू? गल्लीतून माणूस बाहेर आला म्हणून?"

यावर एकोणिसाव्या पानात काही उत्तर नव्हतं.

६

गुरुवारी छकुलीने ठरवलं, की आपणच आत जायचं. भीती वगैरे काही नाही, ती स्वतःला म्हणाली, भिंतीत कुठेतरी दार असणार. जुनं, रंगाने झाकलेलं. छापखान्यातलं कुणीतरी रोज सव्वाअकराला चहाला तिथून सटकत असणार. दार सापडलं की नकाशात एक टोक वाढेल आणि आकडा जुळेल. इतका सोपा उलगडा आपल्याला आधी का सुचला नाही याचं तिला हसू आलं. इतकं आलं, की ते जरा लांबलंच.

नाना टपरीपाशी बसले. पोस्टाच्या बाजूला पहारा नको, तिकडून मीच आत जाणार, असं ती म्हणाली. नाना म्हणाले, "फोन हातात ठेव." मग म्हणाले, "आणि तो किल्लीवाला ते पुढचं-मागचं काय म्हणत होता, तसलं काही मनावर घेऊ नकोस." हे त्यांनी तीनदा सांगितलं.

अकरा अकराला ती आत शिरली. डाव्या हाताने छापखान्याची भिंत चाचपत, उजवीकडे नजर ठेवत, पावलं मोजत. तीस पावलं. भिंत कोरडी, विटा सरळ रांगेत. पन्नास. दार नाही. टोकाला उन्हाची चौकट आणि तिच्यात नानांची टोपी. एकसष्टाव्या पावलाला छापखान्याचं यंत्र थांबलं.

तेव्हा तिला आपल्या चपलांचा आवाज ऐकू आला. आणि त्याला लागूनच, अर्ध्या पावलाच्या अंतराने, दुसरा.

दोन भिंतींमध्ये आवाज परत येतो, तिने स्वतःला समजावलं. शाळेत शिकवलंय. ती थांबली. दुसरा आवाज थांबला. ती चालली. तोही चालला. हे अगदी शास्त्राला धरून होतं. फक्त प्रतिध्वनी पुढून येत होता.

मग तिला दिसलं, की पुढे दहा-बारा पावलांवर एक बाई चालली आहे.

ही आत आली कधी, हा छकुलीचा पहिला विचार. आणि हिची नोंद कुठे आहे, हा दुसरा. पाठमोरी बाई, उजव्या खांद्यावर पर्स, मानेवर अंबाडा. अंबाड्यातली एक पिन अर्धी बाहेर आलेली. आता पडेल, सांगावं का हिला, असं वाटून छकुलीचा हात उगाचच आपल्या मानेमागे गेला. तिचीही पिन अर्धी बाहेर आली होती.

पुढच्या बाईने हात मागे नेला आणि पिन आत खोचली. सवयीने, न चाचपता.

"ओ बाई," छकुली म्हणाली. आवाज बाहेर पडला तो दुसऱ्याच कुणाचा तरी भासला.

बाईने वळून पाहिलं नाही. तिने फक्त पावलं जरा भरभर टाकली, घरी कुणी वाट बघत असावं तशी. छकुली धावली. अंतर कमी होईना. टोकाच्या उन्हात ती बाई एक पाऊल टाकून शिरली आणि छकुलीला समोरची टोपी दिसेनाशी झाली.

७

ती धापा टाकत बाहेर आली तेव्हा नाना स्टुलावरून उठत होते. एका हाताने गुडघा धरलेला. दुसरा हात त्या बाईने धरला होता.

"आलीस, छकुले?" नाना म्हणत होते. "किती वेळ लावलास. माझा जीव टांगणीला."

"काही नाही हो, नाना," ती बाई म्हणाली. "नुसत्या भिंती आहेत."

त्यातला तो 'हो' छकुलीचा होता. नानांना रागवायचं नसलं की ती तो असाच लावत असे.

"मी म्हटलं होतं ना? तो टपरीवाला काहीही सांगतो." मग नानांची नजर त्या बाईच्या खांद्यावरून पलीकडे आली. "थांब जरा. आणखी कुणीतरी आलं."

त्यांनी वही उघडली. चष्मा नाकावर खाली ओढून छकुलीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, मग खालपासून वर. ती तशीच उभी राहिली, फोटो काढून घेताना राहतात तशी, श्वास रोखून. तिच्या भुवईवर लहानपणी पडलेला व्रण होता. नानांनीच तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं. नानांची नजर त्या व्रणावरून गेली, आणि पुढे गेली. पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच राहिली.

"नाना," ती म्हणाली. "मी आहे."

"हो, हो," नाना सौजन्याने म्हणाले. "मला सगळे नानाच म्हणतात."

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली, एकवार छकुलीकडे पाहिलं, आणि पुन्हा उचलली.

"आकडा काय झाला?" त्या बाईने विचारलं.

"आत एक, बाहेर दोन."

"आत दोन लिहा, नाना. जुळून जाईल. उगाच एवढ्यातेवढ्यावरून अख्खा भाग कशाला अडवायचा?"

नाना घुटमळले. चौतीस वर्षांत त्यांनी खोटा आकडा लिहिला नव्हता. पण मुलगी सांगतेय, आणि तीही ऑफिसातली. त्यांनी एकाचा दोन केला, दोनदा गिरवून. ती बाई छकुलीकडे बघून हसली. हसण्यात वाईट असं काही नव्हतं. बसमध्ये आपल्याला खिडकी मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, की हसतो तेवढंच ते होतं.

छकुलीला ओरडायचं होतं. पण काय ओरडायचं, ते वाक्य काही जुळेना. मी छकुली, असं भर रस्त्यात चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने ओरडायचं?

नाना जवळ आले. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, पण त्यांना तिची दया आली. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाई, तुम्हाला कुठे जायचंय?"

तिने पत्ता सांगितला. रस्ता, चौक, इमारत, मजला. सगळं बरोबर, कुठे अडखळली नाही.

नानांचा चेहरा उजळला. "अहो, ती तर आमचीच इमारत. चला की मग आमच्याबरोबर. छकुले, या बाईसुद्धा तिसऱ्याच मजल्यावर राहतात बघ."

ती दोघं पुढे निघाली, हातात हात घालून, नानांच्या गुडघ्याच्या बेताने. छकुली चार पावलं मागून. दुसरं काय करणार, तिचंही घर तिकडेच होतं. रस्ता ओलांडताना नाना थांबले आणि मागे वळून, शेजाऱ्याशी बोलतात तितक्या आपुलकीने म्हणाले,

"गंमत आहे, नाही? इतकी वर्षं एका मजल्यावर राहतो, आणि कधी दिसला नाहीत तुम्ही."